धुराचा रंग

शनिवारी सकाळी यज्ञेश्वरराव चांदोरकरांनी गाडीची किल्ली फिरवली तेव्हा आवाराच्या पलीकडच्या कोपऱ्यातून गीताभाभींनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आज पापडांवर धूर बसला तर त्या गाडीच्या नळीत बटाटा कोंबतील. बटाटे त्यांच्याकडे भरपूर होते. होळी तोंडावर आली होती आणि मैदागिन चौकाजवळच्या त्या आवारात खाटा टाकून, त्यांवर जुन्या साड्या पसरून गीताभाभी बटाट्याचे पापड वाळवत होत्या. आवार त्यांच्या मालकीचं होतं. गाडी यज्ञेश्वररावांची. आणि किल्ली फिरली की गाडीच्या मागून जो धूर निघायचा, तो मालकीहक्क वगैरे न बघता सरळ पापडांकडे जायचा.

त्या दिवशीही तसंच झालं. गाडी खोकली, थरथरली आणि मागून धुराचा एक मोठा लोट निघून पहिल्या दोन खाटांवरून गेला. थोड्या वेळाने धूर आपोआप थांबला, तोही नेहमीसारखाच. मग गाडी अशी शहाण्यासारखी चालू राहिली, की हिने कधी काही केलंच नसावं. गीताभाभी उठल्या, एक पापड उचलून त्यांनी वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "भाईसाहब, होली तक ठीक करवा लीजिए. नहीं तो कहीं और जगह देख लीजिए."

दुसरी जागा कुठून आणणार? चांदोरकरांचं घर गंगेकाठी, दुर्गाघाटाच्या गल्लीत होतं. तिथे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे, आणि गाय आली तर दोघांनाही. गाडीचा प्रश्नच नव्हता. तरीही मालगाडीच्या गार्डाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर यज्ञेश्वररावांनी ही जुनी गाडी घेतली होती, ती आनंदीबाईंसाठी. बाईंचे गुडघे दुखत. त्यांची धाकटी बहीण शरदिनी गंगेपलीकडे रामनगरला एकटी राहायची. दोघी ब्रह्माघाटावर एकत्र वाढलेल्या. रामनगरात शरदिनीला मराठी बोलायला कोणी नव्हतं, आणि आनंदीबाईंना नवऱ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणजे जवळजवळ नव्हतंच. म्हणून दर शनिवारी यज्ञेश्वरराव पुढे जाऊन आवारातून गाडी काढायचे, आनंदीबाई काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी यायच्या आणि दोघं राजघाटचा पूल ओलांडून रामनगरला जायचे. तिथे दोघी बहिणी संध्याकाळपर्यंत बोलत बसायच्या.

धुराचा इलाज आधीपासून चालू होता. गंगाप्रसाद मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये यज्ञेश्वरराव गाडी कितीतरी वेळा घेऊन गेले होते. पण गॅरेजपर्यंत पोचेतो इंजिन गरम झालेलं असायचं आणि धूर नाहीसा. गंगाप्रसाद बंद करून चालू करी, पुन्हा बंद करून पुन्हा चालू करी, नळीपाशी नाक नेई आणि मान हलवी. दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखणं थांबावं, तशी गत. शेवटी त्याने विचारलं, "गार्ड साहब, रंग बताइए. धुएँ का रंग क्या है?"

त्याने समजावून सांगितलं, की सगळं रंगावर आहे. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. निळा असेल तर इंजिनात ऑइल जळतंय. पांढरा असेल तर पाणी आत शिरतंय, आणि मग वरचं हेड उघडून गॅस्केट बदलावं लागेल.

"सफेद," यज्ञेश्वरराव लगेच म्हणाले. "एकदम सफेद."

गंगाप्रसादने पुन्हा विचारलं नाही. ज्या माणसाने सगळी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून लांबचे सिग्नल वाचले, त्याला रंग काय विचारायचा? यज्ञेश्वररावांना स्वतःलाही त्याचा अभिमान होता. रेल्वेने त्यांचे डोळे ठरावीक काळाने तपासले होते आणि दर वेळी पास केले होते. अजूनही मैदागिनच्या चौकात उभं राहून ते लाल आणि हिरवा दिवा पोलिसाच्या आधी ओळखत. त्यांनी इंजिन उघडायला सांगितलं. गॅस्केट बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, आणि धूर पहिल्याहून जरा जास्तच निघाला.

मग यज्ञेश्वरराव रोज सकाळी जाऊन रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी भरू लागले, म्हणजे कमी झालं तर कळेल. पण कमी व्हायच्या आतच ते पुन्हा भरत असल्यामुळे काहीच कळेना. ऑइल मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. धूर पांढरा म्हटल्यावर ऑइलचा संबंध नव्हता. परिणाम असा झाला, की गीताभाभींनी बटाट्याची धमकी दिली त्याच शनिवारी, राजघाटच्या पुलावर बरोबर मधोमध, समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला. लाल दिवा त्यांना लगेच दिसला. गाडी कडेला घेऊन त्यांनी गंगाप्रसादला फोन केला. तो ऑइलचा डबा घेऊन स्कूटरवरून आला आणि ऑइल मोजायची दांडी काढून बघत बसला. दांडी कोरडी होती.

"साहब, ये तो तेल पी गई है," तो म्हणाला. "धुआँ नीला होगा."

"मैंने अपनी आँख से देखा है," यज्ञेश्वरराव म्हणाले.

गंगाप्रसादने वाद घातला नाही. ऑइल ओतलं आणि जाता जाता सुचवलं, की सकाळी गार इंजिन चालू करताना कोणीतरी नळीमागे पांढरं कापड धरावं. पांढऱ्यावर रंग नीट कळतो, आणि ऑइल असेल तर डागही पडतात. हे सगळं गाडीत बसलेल्या आनंदीबाईंनी ऐकलं.  शरदिनीकडे त्या दिवशी त्यांचं लक्ष गप्पांत नव्हतं. गाडी गेली तर हे अंगण, हा चहा, हे "आठवतं का गं तुला" सगळं जाईल, हे त्यांना पुलावरच कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याचं एक उपरणं चांगलं उकळून धुतलं आणि नीळ घालून कडक वाळवलं. त्याच्या पुढच्या सकाळी, यज्ञेश्वरराव नको नको म्हणत असताना, त्या काठी घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या. गल्ली संपेपर्यंत चालत, पुढे ई-रिक्षाने. गार गाडी सकाळी चालू होताना मागे उभं राहून पाहायची त्यांची ही पहिलीच वेळ.

गंगाप्रसाद येऊन थांबलाच होता. गीताभाभीही खाटा ओढून घेऊन तमाशा बघायला उभ्या राहिल्या. आनंदीबाईंनी गाडीमागे उपरणं दोन्ही हातांनी पसरून धरलं. यज्ञेश्वररावांनी किल्ली फिरवली.

धूर निळा होता. त्यात शंकेला जागाच नव्हती. सकाळच्या उन्हात तो इतका निळा दिसत होता, की गीताभाभींनी कपाळाला हात लावला. गंगाप्रसादने विजयाने मान डोलावली. उपरण्यावर ऑइलचे बारीक डाग उमटले.

यज्ञेश्वरराव गाडी चालू ठेवून घाईघाईने मागे आले. धूर अजून निघत होता. त्यांनी हात मागे बांधून, जरा वाकून, सिग्नल वाचावा तसा तो वाचला आणि म्हणाले, "बघ. पांढराच आहे."

गीताभाभींचा हात कपाळावरच राहिला.

"आणि हे काय," ते उपरणं हातात घेत म्हणाले, "पिवळट पडलंय की हे. यावर कसला रंग कळणार? नीळ संपली का घरातली?"

गंगाप्रसाद काही बोलायला तोंड उघडतोय तोच आनंदीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं असं होतं, की त्याने तोंड मिटलं. उपरणं शुभ्र होतं. शुभ्रापेक्षाही निळसर होतं, कारण नीळ जरा जास्तच पडली होती. आनंदीबाईंनी ते नवऱ्याच्या हातून घेतलं, शांतपणे घडी घातली आणि म्हणाल्या, "हो. पिवळं पडलंय खरं. संपली असेल नीळ."

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरात बसून एकेक गोष्ट जुळवू लागल्या. दिवाळीला यज्ञेश्वररावांनी त्यांच्यासाठी साडी आणली होती, "तुला आवडते तशी राखाडी" असं म्हणून. साडी निघाली चांगली भडक जांभळी. म्हातारपणी नवऱ्याला हौस आली, असं वाटून त्यांनी लाजत लाजत ती नेसलीही होती. अलीकडे रामनगरहून निघायची त्यांची घाई वाढली होती. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फारच झगझगीत झालेत, म्हणून ऊन असतानाच पूल ओलांडायचा, असं ते म्हणत. आणि दूध रोज पिवळं दिसतं म्हणून गवळ्याशी झालेलं भांडण तर गल्लीभर गाजलं होतं.

मोतीबिंदू. त्यांच्या वडिलांना झाला होता तेव्हा तेही असंच सगळं पिवळं बघत. पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? रेल्वेने पास केलेल्या डोळ्यांना बायकोने नापास करायचं? आनंदीबाईंनी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला आणि वाढता वाढता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की सुई ओवताना हल्ली डोळ्यांतून फार पाणी येतं. एकदा डॉक्टरला दाखवलं तर बरं.

यज्ञेश्वररावांचा घास हातातच राहिला. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मग त्या काही उत्तर द्यायच्या आत म्हणाले, "उद्याच जाऊ."

त्या मनात म्हणाल्या, किती सहज जमलं. जरा जास्तच सहज.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि हळू बोलत. त्यांनी आनंदीबाईंना खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत औषध घातलं, दिवा धरून पाहिलं. तितका वेळ यज्ञेश्वरराव भिंतीशी उभे राहून दोन्ही हातांत बायकोची काठी घट्ट धरून होते. "माताजी की आँखें तो बहुत अच्छी हैं," डॉक्टर म्हणाल्या तेव्हा त्यांनी मोठा श्वास सोडला. आता नवऱ्याला कसं बसवायचं याची जुळवाजुळव आनंदीबाई करत होत्या. एकदा बसूनच बघा, आलोच आहोत तर, अशी काही वाक्यं त्यांनी रात्रीच तयार ठेवली होती. ती वापरायची वेळच आली नाही. त्या खुर्चीतून उठल्या आणि काठी त्यांच्या हाती देऊन यज्ञेश्वरराव खुर्चीत जाऊन बसले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात जास्त. कधीपासून अंधुक दिसतंय, असं डॉक्टरांनी विचारल्यावर ते खाली बघत म्हणाले, "दशहरे से."

परतताना ई-रिक्षात बसल्यावर आनंदीबाईंनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"धूसर दिसतं हे माहीत होतं. निळं दिसत नाही, ते नव्हतं माहीत," यज्ञेश्वरराव म्हणाले. "निळं दिसत नाही हे दिसणार कसं?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी बंद झाली असती. गाडी बंद म्हणजे तुझं रामनगर बंद."

आनंदीबाईंना एकदम राग आला आणि रडूही आलं, आणि ई-रिक्षात दोन्ही एकदम करणं सोयीचं नसल्यामुळे त्यांनी आधी राग घेतला. धड दिसत नसताना मला दर आठवड्याला पुलावरून नेत होता, गंगेत घातलं असतंत म्हणजे, असं त्यांनी बरंच सुनावलं. यज्ञेश्वररावांनी सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशन होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत किल्लीला हात लावणार नाही, असं कबूल केलं. आणि मग, उतरायच्या जरा आधी, हलकेच विचारलं, "पण तुझे डोळे खरंच ठीक आहेत ना? सुईचं काय मग?"

तेव्हा आनंदीबाईंच्या लक्षात आलं, की हा माणूस रात्रभर त्यांच्या डोळ्यांच्या काळजीत होता. "सुई झूठमूठ होती," त्या म्हणाल्या आणि मग रडून घेतलं.

होळीचा रंग डोळ्यांत जायला नको म्हणून ऑपरेशन होळीनंतर ठरलं. तोवर गाडी आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली. गीताभाभींचे पापड निर्धोक वाळले आणि त्यांनी चांदोरकरांच्या घरी एक डबाभर पाठवूनही दिले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. काळा चष्मा लावून यज्ञेश्वरराव खाटेवर पडले. शनिवार आला आणि गेल्या काही शनिवारांसारखाच रामनगरविना जाणार, असं वाटत असताना दुपारी दार वाजलं. दारात शरदिनी उभी होती. हातात पिशवी, कपाळावर घामाचा थेंबही नाही.

"अगं, तू आलीस कशी?" आनंदीबाईंनी विचारलं.

"ऑटोनं पुलापर्यंत, पुढे ई-रिक्षानं. तुमच्या गाडीपेक्षा लौकर पोचले," शरदिनी म्हणाली.

तिचं म्हणणं ऐकून घेताना सगळा उलगडा झाला. गाडी घेतली त्या वर्षी तिचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून हे दोघं जायला लागले. पाय तर केव्हाच बरा झाला. पण तोवर भावजींना शनिवारी गाडी काढायची इतकी सवय आणि आवड लागली होती, की मीच येत जाते असं म्हणणं तिच्या जिवावर आलं. त्यांच्या हातून तेवढं काम कशाला काढून घ्या, असा तिने विचार केला होता.

यज्ञेश्वरराव चष्म्याआडून सगळं ऐकत होते. दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन बोलत बसल्या आणि त्यांचं हसणं बाहेर येऊ लागलं. ते रामनगरच्या अंगणातल्या हसण्यासारखंच होतं, त्यात गाडीमुळे पडणारा फरक काही ऐकू येत नव्हता. त्यांनी उशाशी ठेवलेला फोन चाचपून उचलला आणि गंगाप्रसादला सांगितलं, की गाडीला कोणी गिऱ्हाईक असेल तर बघ. आता तिची गरज राहिली नाही.

चहा घेऊन येणाऱ्या आनंदीबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं. त्यांनी कप खाली ठेवला, नवऱ्याच्या हातून फोन घेतला आणि गाडी विकायची नाही, दुरुस्त करायची आहे, असं गंगाप्रसादला सांगून बंद केला.

"शरदिनी येत जाईल आता," यज्ञेश्वरराव म्हणाले. "मग गाडी कशाला हवी?"

"मी काय फक्त शरदिनीसाठी बसत होते गाडीत?"

"मग?"

आनंदीबाईंनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "घरात तुम्ही तिकडे पेपर घेऊन बसता आणि मी इकडे. गाडीत तेवढे शेजारी बसता. चहा घ्या, गार होईल."

यज्ञेश्वररावांनी चहा घेतला. तो गार झाला होता, तरी त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

काही दिवसांनी डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिली. त्या दिवशी सकाळी दोघं मैदागिनच्या आवारात आली. गंगाप्रसाद वॉल्व्हची नवी सीलं घेऊन तयारच होता. रात्रभर त्या झिजलेल्या सीलांतून ऑइल आत झिरपतं आणि सकाळी जळतं, एवढंच काय ते दुखणं होतं. पण आनंदीबाईंनी त्याला थांबवलं. साहेबांना एकदा बघू दे, म्हणाल्या. गीताभाभींचीही त्यांनी आगाऊ परवानगी घेतली होती. पापड डब्यात गेले होते, त्यामुळे भाभींनी मोठ्या मनाने दिली होती.

गंगाप्रसादने किल्ली फिरवली. गाडी खोकली, आणि इतक्या दिवसांचा साठलेला धूर एकदम बाहेर पडला. यज्ञेश्वररावांनी काळा चष्मा काढला.

ते बघतच राहिले. त्यांनी एक हात वर करून डावा डोळा झाकला. थोडा वेळ पाहिलं. मग हात बदलून उजवा झाकला. पुन्हा डावा झाकला. गीताभाभी काळजीने आनंदीबाईंकडे पाहू लागल्या.

"काय झालं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"या डोळ्यानं पांढरा आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आणि या डोळ्यानं निळा. म्हणजे माझंही बरोबर होतं."

"आणि डाव्याचं ऑपरेशन झालं की?"

"मग माझ्या बाजूचा साक्षीदार गेला," ते म्हणाले, आणि डावा डोळा झाकूनच उरलेला धूर पाहू लागले. तो विरत विरत आवारातल्या पिंपळापर्यंत गेला, आभाळाच्या निळ्यात मिसळला आणि संपला. त्यांनी तिकडेही बराच वेळ पाहिलं.

गंगाप्रसाद बोनेट उघडायला पुढे झाला. यज्ञेश्वररावांनी त्याला हाताने थांबवलं आणि जरा संकोचून म्हणाले, की आज राहू दे. उद्या सकाळी एकदा अजून चालू करू आणि मग उघड.

गंगाप्रसादने गीताभाभींकडे पाहिलं. भाभींनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाई तोवर गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या होत्या आणि नवऱ्यासाठी शेजारच्या सीटवरची धूळ पदराने पुसत होत्या.